सेकंड लाइफमध्ये मराठी बटणांचा मेनू उघडत नाही, अक्षरंही मोडकी दिसतात. व्ह्यूअरचा बग आहे का? दुरुस्त करायला कुठून सुरुवात करू?

भावा, तू लिहिलंयस की सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात कोल्हापूरच्या महाद्वार रोडचा देखावा उभा केला, दिशादर्शक फलक लावला, हात लावला की ठिकाणांचा मेनू यावा अशी स्क्रिप्ट लिहिली आणि मेनू येतच नाही. त्यावर कुणीतरी सांगितलं, ‘व्ह्यूअरला मराठी झेपत नाही, रोमनमध्ये लिही.’ या सल्ल्याशी माझं जुनं भांडण आहे. तुझ्याकडे दोन वेगळे दोष आहेत आणि ते दोन वेगळ्या जागी आहेत. मेनू न येणं हा स्क्रिप्टचा दोष, अक्षरं मोडणं हा व्ह्यूअरचा, म्हणजे ते जग दाखवणाऱ्या तुझ्या लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमचा.

आधी मेनू. एलएसएल (सेकंड लाइफची स्क्रिप्ट लिहायची भाषा) स्क्रिप्ट तुझ्या लॅपटॉपवर चालतच नाही, ती त्या रीजनच्या, म्हणजे त्या जगातल्या जमिनीच्या तुकड्याच्या, सर्व्हरवर चालते. मेनू दाखवणाऱ्या एलएल-डायलॉग (llDialog) फंक्शनला जास्तीत जास्त १२ बटणं देता येतात आणि प्रत्येक बटणावरचा मजकूर २४ बाइट्सच्या आत बसावा लागतो. अक्षरं नव्हे, बाइट्स. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं, आणि काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. आता ‘कोल्हापूर’ मोज: क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार, र. नऊ चिन्हं, २७ बाइट्स. म्हणजे आपल्या गावाचं नाव बटणावर बसत नाही! ‘महाद्वार’ आठ चिन्हांचं, बरोबर २४, काठावर बसतं. ‘रंकाळा’ १८, ‘पन्हाळा’ २१, दोन्ही बिनघोर. ‘भवानी मंडप’ मधल्या स्पेससकट २८, पुन्हा बाहेर. आणि एक बटण जरी लांब झालं तरी सगळा मेनू अडतो. एरर डीबग चॅनेलवर (स्क्रिप्टच्या चुका जिथे येतात तिथे) जातो, म्हणून स्क्रिप्ट एररची खिडकी उघडून ठेव. तिथे न बघताच लोक व्ह्यूअरला शिव्या घालतात.

बाइट्स डोळ्यांनी मोजू नकोस. मजकूर एलएल-स्ट्रिंग-टू-बेस-६४ (llStringToBase64) मधून काढ, शेवटची ‘=’ ही चिन्हं सोडून लांबी घे, तिला ३ ने गुणून ४ ने भाग, बाकी सोडून दे. ‘कोल्हापूर’ची बेस-६४ लांबी ३६ येते, म्हणजे २७ बाइट्स. चिन्हं मोजणाऱ्या एलएल-स्ट्रिंग-लेंग्थवर (llStringLength) विसंबलास तर ९ दिसेल आणि फसशील. मजकूर आठ चिन्हांवर कापायचा उपायही नको, ‘कोल्हापू’ आणि ‘भवानी मं’ असली बटणं कोण दाबणार? नीट मार्ग हा: बटणांवर फक्त १, २, ३ ठेव, पूर्ण नावं मेनूच्या वरच्या मजकुरात लिही आणि उत्तर आलं की आकड्यावरून यादीतलं नाव काढ. वरच्या मजकुराला ५१२ बाइट्सची मर्यादा आहे, म्हणजे साधारण १७० चिन्हं. फलकावर तरंगणाऱ्या एलएल-सेट-टेक्स्टच्या (llSetText) मजकुराला २५४ बाइट्स, म्हणजे जेमतेम ८४.

आकडे वापरण्याचा आणखी एक फायदा. ‘ॲ’ एकाच चिन्हाने लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, दिसायला सारखे, पण तुलना केली की नापास. ‘दऱ्या’ काही कीबोर्डांवर अदृश्य जोडचिन्ह टाकून लिहिला जातो, तेही ३ बाइट्स खातं आणि दिसत तर नाहीच.

दाबलेल्या बटणाचं उत्तर ऐकणारा लिसन (llListen) मेनू उघडण्याच्या आधी, ऋण आकड्याच्या चॅनेलवर, फक्त हात लावणाऱ्याच्या कीसाठी (त्याच्या ओळखक्रमांकासाठी) उघड. मेनू ‘इग्नोर’ने बंद केला तर स्क्रिप्टला काहीच कळत नाही, म्हणून ६० सेकंदांचा टायमर लावून लिसन काढून टाक. नाहीतर एका स्क्रिप्टला ६५ लिसनची मर्यादा आहे, गर्दीत ती भरते आणि फलक बंद पडतो. मराठीमुळे मेमरी फुगते हेही खोटं. मोनोमध्ये (स्क्रिप्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) मजकूर यूटीएफ-१६ मध्ये राहतो, इंग्रजी अक्षरालाही २ बाइट्स आणि देवनागरीलाही २.

आता खरा व्ह्यूअरचा दोष. ‘शिवाजी’मधली पहिली वेलांटी श नंतर उमटते आणि व ला चिकटते, ‘कोल्हापूर’मध्ये ल चा हलन्त उघडा दिसतो. कारण तुझा व्ह्यूअर फ्रीटाइपकडून (फॉन्टमधल्या आकृत्या काढून देणाऱ्या लायब्ररीकडून) एकेका चिन्हाची आकृती घेतो आणि आली त्या क्रमाने मांडतो. अक्षरजुळणी, ज्याला शेपिंग म्हणतात, ती होतच नाही. नुसते चौकोन दिसत असतील तर ते वेगळं प्रकरण: फॉन्टच सापडलेला नाही. पर्यायी फॉन्टच्या एक्सएमएल यादीत देवनागरी असलेला फॉन्ट घाल, कंपाइल करायचीही गरज नाही. पहिली दुरुस्ती म्हणून हीच कर.

शेपिंगसाठी हार्फबझ, म्हणजे अक्षरजुळणी करणारी लायब्ररी, व्ह्यूअरला जोडावी लागेल. व्ह्यूअरचा सोर्स कोड २००७ पासून खुला आहे. आधी एकही ओळ न बदलता ऑटोबिल्डने (व्ह्यूअर कंपाइल करायच्या साधनाने) पूर्ण बिल्ड करून दाखव, निम्मे लोक तिथेच गळतात. मग सोर्सच्या इंद्रा (indra) फोल्डरमधल्या एलएलरेंडरमध्ये (llrender) फॉन्टच्या फाइली वाच. नुसतं चित्र काढणं बदलून भागत नाही: रुंदीची मोजणी, ओळ तोडणं, कर्सरची जागा, निवडीची पट्टी, सगळं ‘एक चिन्ह म्हणजे एक आकृती’ या समजावर उभं असतं. चित्र नीट आणि कर्सर भलत्या अक्षरात, असं अर्धवट काम करून पॅच पाठवू नकोस. आणि दर फ्रेमला शेपिंग केलंस तर गर्दीत नावाच्या पाट्यांनीच वेग पडेल, म्हणून निकाल साठवून ठेव.

एक सांगायचं राहिलं: वरच्या मर्यादा सेकंड लाइफच्या आहेत. ओपनसिमवर (तशाच आभासी जगांसाठीच्या वेगळ्या, खुल्या सर्व्हरवर) फलक नेणार असशील तर तिथे पुन्हा तपास. बग कळवताना ‘मराठी दिसत नाही’ एवढंच लिहू नकोस. एका नोटकार्डात (सेकंड लाइफमधल्या मजकुराच्या चिठ्ठीत) शिवाजी, कोल्हापूर, पार्वती, दऱ्या, ॲप हे पाच शब्द टाक, दोन वेगळ्या व्ह्यूअरमधले फोटो जोड, आणि कोणत्या चिन्हापाशी मोडतं ते लिही.