क्रूझवरच्या फॉर्मल नाइटला टाय लागतोच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात रात्रींची क्रूझ, घरातल्या सगळ्यांचीच पहिली वेळ, बुकिंगच्या कागदावर दोन ‘फॉर्मल नाइट’, म्हणजे जेवायला सजून जायच्या रात्री, लिहिलेल्या. नवऱ्याकडे सूट नाही, सासरे म्हणतात, ‘जेवायला टाय बांधून बसणार नाही’, आणि तुम्हाला धास्ती आहे ती दारातून परत पाठवतील याची.

मी सहा वर्षं एका मोठ्या प्रवासी जहाजावर मेन डायनिंग रूममध्ये वेटर होतो, त्यामुळे ते दार मी आतल्या बाजूने पाहिलं आहे. आधी तुमची धास्ती घालवतो. आमच्या जहाजावर टाय नाही म्हणून कुणाला परत पाठवलेलं मी एकदाही पाहिलं नाही. परत पाठवलं ते पोहण्याच्या ओल्या कपड्यांवर टॉवेल गुंडाळून आलेल्यांना, बिनबाह्यांची बनियन घालून आलेल्या पुरुषांना आणि फॉर्मल नाइटला हाफपँटवर आलेल्यांना. तेही चारचौघांत नाही. हेड वेटर बाजूला घेऊन हळू आवाजात सांगायचा, ‘फुलपँट घालून या, टेबल तुमचंच आहे.’ बहुतेक जण दहा मिनिटांत बदलून यायचे आणि जेवण नेहमीसारखं व्हायचं.

पण हे आमच्या जहाजाचं झालं. ‘फॉर्मल’ या शब्दाचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून तुमचं जहाज कुठल्या कंपनीचं आहे ते आधी बघा. क्युनार्ड ही सगळ्यांत जास्त सजणारी मंडळी. त्यांचं क्वीन मेरी २ हे जहाज २००४ पासून चालतंय. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क असा अटलांटिक ते साधारण सात रात्रींत पार करतं, आणि त्या प्रवासात ‘गाला इव्हनिंग’ असतात. त्या संध्याकाळी पुरुषांनी टक्सिडो (बो टायवर घालायचा काळा औपचारिक सूट) किंवा गडद सूट आणि स्त्रियांनी तशाच तोलाचा पोशाख घालावा अशी अपेक्षा असते. आपापल्या देशाचा औपचारिक पारंपरिक पोशाखही तिथे रीतसर चालतो. तो तुमच्या कपाटात असेल, तर नवीन काही शिवायची गरज नाही. मात्र तिथे हा नियम डायनिंग रूमपुरता नाही, संध्याकाळी सहानंतर जहाजाच्या बऱ्याच भागांत लागू होतो. ज्यांना सजायचं नाही त्यांच्यासाठी बुफे आणि काही ठरावीक जागा मोकळ्या असतात.

दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन क्रूझ लाइन. त्यांनी २००० साली ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली, म्हणजे ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही आणि फॉर्मल कपड्यांची सक्तीही नाही. सेलिब्रिटी या कंपनीने २०१५ च्या अखेरीस फॉर्मल नाइट बंद करून ‘इव्हनिंग शिक’ सुरू केली, आणि तिथे टाय ऐच्छिक झाला. वायकिंगच्या समुद्री जहाजांवर टक्सिडोची रात्र मुळात नाहीच. व्हर्जिन व्हॉयेजेसवर फॉर्मल नाइट नाही, पण एक ‘स्कार्लेट नाइट’ असते आणि त्या रात्री सगळे लाल घालतात. कार्निव्हलमध्ये सजण्याच्या रात्रीला ‘क्रूझ एलिगंट’ म्हणतात. रॉयल कॅरिबियन, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका यांच्याकडे थोड्या सजण्याच्या रात्री असतात, पण तिथे सूटवाले आणि नुसत्या इस्त्रीच्या शर्टातले शेजारी शेजारी बसलेले दिसतील. नावं आणि नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात कंपनीच्या वेबसाइटवरचं पोशाखाचं पान एकदा उघडून बघाच. पाच वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या नातेवाइकाच्या भरवशावर राहू नका.

कंपनीनंतर बघायचं ते तुम्ही जेवणार कुठे ते. जहाजावर जेवायची जागा एकच नसते. बुफेत बहुतेक जहाजांवर फॉर्मल नाइटलाही साधे कपडे चालतात, फक्त पाय अनवाणी नकोत आणि अंगावर ओलं काही नको. केबिनमध्ये जेवण मागवलंत तर प्रश्नच मिटला. उलट वेगळे पैसे घेणारी जी खास रेस्टॉरंट असतात, तिथे कधी कधी मेन डायनिंग रूमपेक्षाही नीटनेटके कपडे लागतात, आणि तेही रोज. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. साध्या रात्री जीन्स सगळीकडे चालेल असं समजून येतात आणि नेमके तिथेच अडतात. टेबल राखून ठेवतानाच विचारून घ्या.

आता रात्र कुठली. सात रात्रींत दोन फॉर्मल नाइट हे नेहमीचं गणित आहे. त्या सहसा ज्या दिवशी जहाज बंदराला लागत नाही त्या दिवशी ठेवतात. बंदर फिरून पाच-साडेपाचला दमूनभागून परतलेल्या माणसाला सहाच्या जेवणाला सजून या म्हणणं बरं नव्हे, इतकंच साधं कारण. त्या त्या रात्रीचा पोशाख रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो. ती आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येते, हल्ली पुष्कळदा कंपनीच्या ॲपवरच असते.

पहिल्या आणि शेवटच्या रात्री फॉर्मल कधीच नसते म्हटलं तरी चालेल. ही रीत जुनी आहे. १९३० च्या दशकातल्या मोठ्या जहाजांवर पहिल्या वर्गाचे प्रवासी रोज रात्री जेवणासाठी पोशाख करत. १९३५ साली निघालेल्या नॉर्मंडी या फ्रेंच जहाजाच्या पहिल्या वर्गाच्या डायनिंग रूममध्ये एका वेळी सुमारे ७०० माणसं बसत. तिथे भव्य जिन्यावरून उतरताना सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असणार हे धरूनच कपडे निवडलेले असत. पण त्या काळातही पहिली आणि शेवटची रात्र सोडलेली असायची, कारण पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या भरून झालेल्या असत. आज ट्रंकेची सूटकेस झाली, अडचण मात्र तीच. बंदरावर तुम्ही बॅगा हमालांच्या ताब्यात देता आणि त्या केबिनच्या दाराशी कधी दुपारी, कधी रात्री आठ-नऊला येतात. त्यामुळे पहिल्या जेवणाचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवा. औषधं आणि चष्मा तर ठेवालच, त्यात प्रत्येकाचा एक स्वच्छ शर्ट किंवा ड्रेसही टाका.

सासऱ्यांचं म्हणाल तर त्यांना टाय नको असेल तर आग्रह करू नका. (क्युनार्डचं बुकिंग असेल तर मात्र गाला इव्हनिंगला ते कुठे जेवणार हे आधी ठरवून ठेवा.) बाकीच्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर पूर्ण बाह्यांचा कॉलरचा शर्ट, गडद फुलपँट आणि पॉलिश केलेले बंद बूट एवढ्यावर म्हातारा माणूस रुबाबदार दिसतो. वर ब्लेझर असला तर छान, नसला तरी अडत नाही. नवऱ्यासाठी सूट मुद्दाम शिवू नका. एक गडद निळा ब्लेझर आणि राखाडी किंवा काळी पँट पुरे. तोच ब्लेझर दोन्ही फॉर्मल नाइटला चालतो, आत शर्ट बदलला की झालं. साध्या रात्री तीच पँट आणि पोलो टी-शर्ट. न फाटलेली, गडद रंगाची जीन्स साध्या रात्री बहुतेक ठिकाणी चालते.

तुमच्यासाठी: एक लांब किंवा गुडघ्याखाली येणारा ड्रेस, आणि एक काळी सैलसर पँट, तिच्यावर दोन वेगळे टॉप. लिनन नेऊ नका, सूटकेसमधून बाहेर आलं की त्याचा बोळा झालेला असतो. क्रेप, जॉर्जेट, जर्सी ही कापडं घडीतून काढून सरळ अंगावर घालता येतात. आणि एक शाल किंवा स्टोल न विसरता घ्या. जहाज कितीही गरम प्रदेशात असो, डायनिंग रूममधला एसी बोचरा असतो. सूप संपायच्या आत खांदे चोळणाऱ्या किती बायका मी पाहिल्या आहेत! आमच्याकडे कधी कधी पांघरायला काही मिळतं का म्हणून विचारायच्या, आणि देण्यासारखं आमच्याजवळ टेबलावरच्या नॅपकिनशिवाय काही नसायचं.

टाचांबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. डायनिंग रूम पुष्कळदा जहाजाच्या मागच्या टोकाला असते, आणि समुद्र खवळला की मधल्या भागापेक्षा टोकाला हालचाल जास्त जाणवते. एका फॉर्मल नाइटला माझ्या टेबलावरच्या बाई पातळ उंच टाचांवर जिन्याने उतरत होत्या. जहाज जरासं कललं, गाउनचा काठ टाचेखाली आला आणि पाय मुरगळला. पुढचे चार दिवस त्या व्हीलचेअरवर होत्या आणि ज्या बंदरांसाठी त्यांनी वर्षभर पैसे साठवले होते ती सगळी त्यांनी बाल्कनीतून पाहिली. तेव्हापासून कुणीही विचारलं तर सांगतो, टाच रुंद आणि बुटकी, मागे पट्टा असलेली, आणि लांब ड्रेसचा काठ जमिनीपासून दोन बोटं वर. डेकवर जाणाऱ्या दारांना उंबरा असतो, तिथेही सांभाळा.

मुलं बरोबर असतील तर कॉलरचा टी-शर्ट आणि फुलपँट, मुलींना कुठलाही स्वच्छ फ्रॉक. त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

इस्त्री घरीच ठेवा. बहुतेक जहाजांवर केबिनमध्ये इस्त्री आणायला बंदी आहे, वाफेच्या हातइस्त्रीलाही. कारण आगीचं. समुद्राच्या मध्यावर आगीसारखं दुसरं संकट नाही. बॅग स्कॅनरमधून जाते, इस्त्री दिसली की बॅग बाजूला काढतात, आणि तुम्ही जाऊन ती उघडून दाखवेपर्यंत ती केबिनला येत नाही. म्हणजे नेमक्या पहिल्या रात्री तुम्ही बॅगेविना. काही जहाजांवर प्रवाशांसाठी लाँड्रीची खोली असते आणि तिथे इस्त्री ठेवलेली असते. नाहीतर केबिन स्टुअर्डकडे, म्हणजे तुमची केबिन आवरणाऱ्या माणसाकडे, कपडे द्या, पैसे घेऊन इस्त्री करून आणतात. पण फॉर्मल नाइटच्या दिवशी सकाळी देऊ नका, त्या दिवशी सगळ्या जहाजाचे कपडे तिथेच येऊन पडलेले असतात. एक दिवस आधी द्या. हलक्या चुण्या असतील तर गरम पाण्याच्या अंघोळीच्या वेळी कपडा हँगरवर लावून बाथरूममध्ये टांगा, वाफेने बऱ्यापैकी सुटतात. ब्लेझर भरताना आतली बाजू बाहेर करा, एक खांदा दुसऱ्या खांद्यात बसवा आणि मग घडी घाला. कपाट लहान असतं, पण केबिनच्या भिंती बहुधा धातूच्या असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक नेलेत तर चार हँगर जास्तीचे टांगता येतात.

बॅग विमानातच हरवली तर? असं होतं, आणि मी पाहिलं आहे. दुसऱ्या रात्रीची फॉर्मल नाइट. दाराबाहेर एक गृहस्थ प्रवासातल्याच चुरगळलेल्या टी-शर्टात उभे होते. बायको छान तयार झालेली, तिची बॅग आली होती, यांची नाही. ते तिला म्हणत होते, ‘तू जा, मी वर बुफेत जेवतो’, आणि ती जात नव्हती. मी आत जाऊन हेड वेटरला सांगितलं. तो बाहेर आला, त्याने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि दोघांना त्यांच्या नेहमीच्या टेबलावर नेऊन बसवलं. जेवण होईपर्यंत कुणीही मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं नाही. तुमच्यावर अशी वेळ आलीच तर संकोच करू नका. चढल्याबरोबर रिसेप्शनवर सांगा आणि डायनिंग रूमला कळवायला सांगा.

तोच पोशाख दुसऱ्यांदा घातला तर लोक काय म्हणतील, हाही प्रश्न तुमच्या मनात असेलच. कुणी काही म्हणत नाही, कुणाच्या लक्षातही येत नाही. आम्ही वेटर लोक रोज तीच तीच माणसं वाढायचो. कुणाला पाण्यात बर्फ नको, कुणाला जेवणानंतर लगेच चहा हवा, कोणत्या आजोबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे सगळं पहिल्या रात्रीपासून पाठ असायचं. काल कुणी काय घातलं होतं हे विचारलं असतंत तर एकाचंही सांगता आलं नसतं.

फॉर्मल नाइटला जिन्याजवळ फोटोग्राफर पडदे लावून उभे असतात. फोटो काढायला सहसा पैसे नसतात, छापील प्रत घ्यायची तर लागतात, आणि ती घेतलीच पाहिजे असं नाही. तुम्ही मात्र सासऱ्यांबरोबर एक काढाच. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी नीट कपडे घातलेत अशी संध्याकाळ एरवी लग्नाशिवाय येत नाही, आणि त्या फोटोत त्यांच्या गळ्यात टाय नसला तरी काही बिघडत नाही.

शेवटच्या रात्रीचं एक राहिलं. त्या रात्री मोठ्या बॅगा कॉरिडॉरमध्ये ठेवायला सांगतात आणि रात्रीतच त्या उचलून नेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला एक तरी प्रवासी असा यायचाच, ज्याने जेवणानंतर घाईघाईत सगळेच कपडे बॅगेत भरून टाकलेले असायचे. एक जण तर पायजमा आणि फॉर्मलचे काळे बूट अशा वेशात आले होते आणि तसेच बंदरावर उतरले. तेव्हा जेवून आल्यावर बॅगेची चेन ओढण्याआधी प्रत्येकाचे सकाळचे कपडे, आतले कपडे आणि बूट केबिनमधल्या खुर्चीवर काढून ठेवा, आणि मगच बॅगा दाराबाहेर लावा.