मोठी ट्रक वाहतूक कंपनी बुडाली तर काय होईल?

अमेरिकेतल्या ‘यलो’चं उदाहरण घ्या. जवळपास 100 वर्षं जुन्या या कंपनीने 30 जुलै 2023 ला गाशा गुंडाळला. सुमारे 30,000 लोकांची नोकरी गेली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फटका हाच.

दुकानं काही ओस पडली नाहीत. कुणकुण लागताच ग्राहकांनी आधीच माल दुसरीकडे वळवला होता, शिवाय त्या वर्षी बाजारात गाड्यांना काम कमी होतं. पण यलोचं काम पार्ट लोडचं, म्हणजे एकाच ट्रेलरमध्ये अनेकांचा माल. तो मधल्या टर्मिनलवर उतरवून, ठिकाणानुसार लावून, पुन्हा चढवावा लागतो. असं जाळं पटकन उभं राहत नाही. म्हणून तर त्याच वर्षाअखेरच्या लिलावात तिच्या 130 टर्मिनलांना सुमारे 1.9 अब्ज डॉलर मिळाले.

आपल्याकडे बहुतेक ट्रक छोट्या मालकांचे असतात. मोठी कंपनी बुडाली तर त्यांची भाड्याची बिलं अडकतात, गाडीचा हप्ता मात्र थांबत नाही. तुमची गाडी अशा कंपनीकडे लावलेली असेल तर बिल्टी (माल वाहतुकीला घेतल्याची पावती) आणि माल पोचल्याची सही-शिक्क्याची पोच जपून ठेवा. थकबाकी मागायला तोच पुरावा.