वाचकांचे प्रश्न : दप्तरदिरंगाईवरचा ॲनिमेशनपट

प्रश्न : आम्ही कला महाविद्यालयातले तिघे मित्र दहा मिनिटांचा विनोदी ॲनिमेशनपट करत आहोत. एक निवृत्त शिक्षक हयातीचा दाखला द्यायला कार्यालयात जातात आणि आपण जिवंत आहोत हे पटवून देता देता थकून जातात, अशी गोष्ट आहे. कर्मचारी उद्धट आणि लाचखाऊ दाखवले आहेत. पटकथा वाचून सगळ्यांना राग आला, हसू मात्र कोणालाच आले नाही. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा लाचखाऊ कारकून आधी काढून टाका. पैसे दिले की काम होते, म्हणजे शिक्षकांना सुटायला वाट आहे. आणि वाट असली की विसंगतीचा विनोद तिथेच संपतो. या प्रकारच्या विनोदात नियम कोणीही मोडत नाही, उलट सगळे जण तो शब्दशः पाळतात. तुमचा कारकून सरांचाच जुना विद्यार्थी असू द्या. तो उठून नमस्कार करील, खुर्ची देईल, पाणी मागवील आणि मनापासून म्हणेल, “सर, तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय, पण ‘समक्ष दिसले’ असा रकानाच या नमुन्यात नाही.” सरांनाही ते पटले पाहिजे, कारण पालकांच्या सहीची चिठ्ठी नसेल तर त्यांनीही जन्मभर मुलांना वर्गाबाहेर उभे केलेले असते.

१९७६ च्या ‘द ट्वेल्व्ह टास्क्स ऑफ ॲस्टेरिक्स’ या फ्रेंच ॲनिमेशनपटात ए-३८ क्रमांकाच्या परवान्याचा प्रसंग आहे. नायक या खिडकीवरून त्या खिडकीवर नुसते हेलपाटे घालतात. सुटका होते ती आरडाओरडा करून नव्हे, तर नव्या परिपत्रकानुसार लागणारा, मुळात अस्तित्वातच नसलेला ए-३९ परवाना मागितल्यामुळे. तो शोधता शोधता सगळे कार्यालय कोलमडते. तुमच्या विषयाला तर याहून जवळचे उदाहरण प्रत्यक्षातले आहे. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातील लाल बिहारी यांना महसुली दप्तरात मृत दाखवून नातेवाइकांनी त्यांची जमीन बळकावली. ती नोंद १९९४ मध्ये दुरुस्त होईपर्यंत त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावले, निवडणूक लढवली आणि पत्नीला विधवा-निवृत्तिवेतन मिळावे म्हणून अर्जही केला. मी मृत असेन तर माझी पत्नी विधवाच ठरते, हा युक्तिवाद बिनतोड आहे. तुमच्या सरांनीही नियमाशी भांडू नये. तो खरा मानून शेवटापर्यंत न्यावा.

अतिशयोक्ती चित्रात ठेवा, संवादात नको. बारनिशी, म्हणजे आवक-जावक कागदांची नोंदवही, फडताळातून वाढत वाढत छतापर्यंत जाऊ द्या, पण तिच्यासमोर बोलणारा माणूस “त्रुटीची पूर्तता करा, साक्षांकित प्रत जोडा” एवढेच शांतपणे म्हणू द्या. आवक-जावक क्रमांक, शेरा, टिपणी हे शब्द जसेच्या तसे वापरा. त्यांच्या जागी विनोदी शब्द घडवू नका.

खर्चाच्या दृष्टीनेही हा विषय सोयीचा आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) असतात. एक चित्र दोन चौकटी टिकवले तरी दहा मिनिटांना ७,२०० चित्रे लागतात. पण इथे ताटकळणे हाच विषय असल्यामुळे स्थिर चेहरा, तोच व्हरांडा आणि पुन्हा पुन्हा उमटणारा शिक्का ही काटकसर न वाटता आशयाचाच भाग होते. ओपनटून्झ आणि ब्लेंडर या ॲनिमेशनच्या संगणक प्रणाली मोफत मिळतात. मात्र रंगकामाला हात घालण्यापूर्वी संवाद ध्वनिमुद्रित करा आणि कच्ची रेखाटने त्यांवर बसवून अ‍ॅनिमॅटिक तयार करा. कारकुनाने मान वर करण्याआधीची शांतता किती सेकंद ताणायची, हे कागदावर कधीच कळत नाही. अनोळखी चार-पाच जणांना ते दाखवा, लोक जिथे हसतात तिथे खूण करा आणि जिथे फक्त चिडतात तो संवाद निर्दयपणे कापा.

शेवटी सरांचे निधन दाखवण्याचा मोह होईल, तो टाळा. दाखला त्यांना मिळू द्या. हयातीची खात्री दर वर्षी नव्याने करावी लागते, त्यामुळे पावतीवर ‘पुढील नोव्हेंबरमध्ये पुन्हा हजर राहावे’ एवढा शेरा पुरेसा आहे.