टोळीचे पैसे तुमचे नव्हेत, भाऊ

प्रश्न: मी सिरोंचा तालुक्यातला. दरवर्षी गावातली 34 जणांची टोळी घेऊन तेलंगणात मिरची तोडायला जातो. यंदा तिकडच्या व्यापाऱ्याने सगळ्या हिशेबाचे 8 लाख 60 हजार माझ्याच खात्यावर टाकले आणि त्यातून 8,600 टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला. तेलंगणात वेगळं रिटर्न भरावं लागतं का? कापलेले पैसे परत मिळतात का? एप्रिलमध्ये विम्याचा 60 हजारांचा दुसरा हप्ता खात्यातून आपोआप कटला, म्हणून तिघी बायांची मजुरी तेंदूच्या हंगामानंतर देतो असं सांगितलं आहे. विम्याने कर वाचतो म्हणे.

उत्तर: भाऊ, वेगळं रिटर्न नाही. आयकर केंद्र सरकारचा आहे. गोदावरी ओलांडली तरी पॅन तोच, रिटर्न एकच. 8,600 परत मिळतील, पण रिटर्न भरल्याशिवाय नाही. 34 जणांना सरासरी 23 हजार म्हणजे 7 लाख 82 हजार मजुरी झाली, गाडीभाडं 18 हजार धरू. तुमची मुकादमी उरली 60 हजार. आयकराच्या नव्या पद्धतीत 4 लाखांपर्यंत कर लागत नाही. शून्य कराचं रिटर्न भरलं म्हणून पीएम किसानचा हप्ताही बंद होत नाही. ज्यांनी आयकर भरला, त्यांनाच त्यातून वगळतात. मिरची तोडल्याची मजुरी ही शेतीचं करमुक्त उत्पन्न नव्हे, हेही ऐकून ठेवा. पण 23 हजारांवर कोणाही मजुराला कर नाही.

मात्र आयकर खात्याच्या नोंदीत तुमच्या पॅनसमोर 8 लाख 60 हजार दिसतात. त्यातले 60 हजारच तुमचे, हे दाखवायला वही लागते: नाव, दिवस, रक्कम, सही नाहीतर अंगठा. ती आजच लिहायला बसा. पुढच्या वर्षी टोळीच्या पैशांसाठी वेगळं खातं उघडा.

आता तुम्ही न विचारलेलं. एप्रिलमध्ये कटलेले 60 हजार तुमचे नव्हते. ते त्या तिघींचे होते. दोन महिने उन्हात बोटांची आग सोसून त्यांनी तोडलेली मिरची विम्याच्या हप्त्यात गेली. याचा मला फार त्रास होतो, आणि तुम्हालाही होत असेल, नाहीतर पत्रात लिहिलं नसतं.

ज्याच्या हातात हंगामाला 60 हजार पडतात, त्याच्या गळ्यात वर्षाला 60 हजारांची पॉलिसी मारणाऱ्या एजंटाने तुमची कमाई पाहिलीच नाही, खात्यातली रक्कम पाहिली. कर वाचतो म्हणे! जो कर लागतच नाही, तो वाचणार कसा? शिवाय नव्या पद्धतीत विम्याच्या हप्त्याची वजावट मिळत नाही. पॉलिसीचा कागद तुम्ही पाठवला आहे: 15 वर्षं हप्ते, 20 व्या वर्षी साधारण 16 लाख. हा परतावा जेमतेम साडेचार टक्के पडतो. पोस्टातल्या पीपीएफ या सरकारी बचत योजनेत आजच्या 7.1 टक्क्यांनी तेवढेच हप्ते भरले, तर 16 लाख 15 व्या वर्षीच होतात. आणि तेवढे भरायची तुमची ऐपत नाही, हे तर वेगळंच.

उद्याच बँकेत जा आणि विम्याचं ऑटो डेबिट बंद करा. मग विमा कंपनीला पॉलिसी सरेंडर, म्हणजे मुदतीआधीच बंद, करायचा अर्ज द्या. भरलेल्या 1 लाख 20 हजारांतले थोडेच परत येतील, मोठा भाग बुडाला असं समजा. पुढचे 13 हप्ते, म्हणजे 7 लाख 80 हजार, तरी वाचतील. विमा हवाच, पण तो सरकारच्या जीवन ज्योती योजनेचा: वर्षाला 436 रुपयांत 2 लाख. अपघातासाठी सुरक्षा विमा, 20 रुपयांत 2 लाख. दोन्ही बँकेतच मिळतात, नवराबायको दोघांचे मिळून 912 रुपये. टोळीतल्या प्रत्येकाला ते काढायला लावा, पिकअपच्या टपावर बसून रात्रीचा प्रवास करणारी माणसं आहेत ती.

सरेंडरचे पैसे आणि टीडीएसचा परतावा यायला वेळ लागेल. तोवर त्या तिघींना थांबवू नका. बचत गटातून घ्या, भावाकडून घ्या, आणि तेंदूची पानं तोडायला त्या जंगलात जायच्या आधी त्यांच्या हातात पैसे ठेवा. वहीत सही घ्यायला विसरू नका.