झोपून १४, उभं राहून २१: महिन्यात लेकीचा मणका इतका वाकला?

प्रश्न: डॉक्टर, मुलगी १३ वर्षांची आहे. ड्रेसचं माप घेताना शिंपीकाका म्हणाले हिचा एक खांदा वर दिसतोय. पहिला एक्स-रे झोपवून काढला त्यात १४ अंश आले, महिन्याने दुसरीकडे उभं करून काढला तर २१! एवढं वाढलं का? सासूबाई म्हणतात दप्तराच्या ओझ्याने झालं. सारखे एक्स-रे काढायचीही भीती वाटते.
– एक आई, कोथरूड

उत्तर: ताई, हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवायचेच नाहीत. आडवं झालं की मणक्यावरचा भार जातो आणि बाक कमी दिसतो, उभं राहिल्यावर डोक्याचं, धडाचं वजन त्याच्यावर येतं तेव्हा तो खरा किती आहे ते कळतं. म्हणून २१ धरा आणि इथून पुढे मोजा. हा कॉब अँगल, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला मणक्याच्या बाकाचा कोन, १० अंशांच्या वर गेला तर स्कोलिओसिस, म्हणजे मणका बाजूला वाकणं, म्हणतात. पण एकच फिल्म दोघांनी मोजली तरी ५ अंशांपर्यंत फरक पडू शकतो, त्यामुळे पुढच्या वेळी २३ आले तर लगेच रडारड नको.

पुढचा एक्स-रे शक्यतो त्याच सेंटरला काढा, मानेपासून खुब्यापर्यंत सगळं यायला हवं. बूट काढून, गुडघे सरळ, दोन्ही पायांवर सारखं वजन. आणि बाहेरून 'ताठ उभी राहा गं' असं ओरडू नका हो, मी हे रोज बघतो, पोर बिचारी श्वास रोखून ताठते आणि तिची नेहमीची ठेवण फिल्मवर येतच नाही.

भीतीचं म्हणाल तर किरण पाठीकडून सोडायला सांगा, त्याने छातीला आणि थायरॉइडला डोस बराच कमी लागतो. वाढीच्या वयात साधारण ४ ते ६ महिन्यांनी बघतात, दर महिन्याला नाही. त्याच फिल्मवर कमरेच्या हाडाची वरची कड बघून वाढ किती उरलीये याचा अंदाज येतो, पाळी कधी सुरू झाली तेही डॉक्टरांना सांगा, कारण वाढ बाकी असेल आणि बाक २५ च्या पुढे गेला तर ब्रेसचा, म्हणजे बाक वाढू नये म्हणून धडाभोवती घालायच्या पट्ट्याचा, विचार करावा लागतो.

दप्तराने पाठ दुखते, पण असा बाक दप्तराने येत नाही. हे सासूबाईंना सांगाच, पण त्याआधी लेकीला सांगा, ती स्वतःलाच दोष देत बसली असेल.