अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये पुढचा मुख्य क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) कसा निवडतात? जो जिंकून देतोय त्यालाच का ठेवत नाहीत?

कारण जिंकणारा संघही अडतो. अलाबामा विद्यापीठाच्या संघाचंच बघा. जेलन हर्ट्स मुख्य क्वार्टरबॅक असताना दोन मोसमांत संघ फक्त २ सामने हरला. तरीही ८ जानेवारी २०१८ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला ०-१३ अशी पिछाडी होती. हर्ट्स पळण्यात पटाईत, पण पासिंग चालत नव्हतं. प्रशिक्षक निक सेबन यांनी पहिल्या वर्षाच्या टुआ टॅगोवायलोआला उतरवलं. जादा वेळेत त्याच्या ४१ यार्डांच्या पासवर सामना २६-२३ असा जिंकला.

सरावात प्रशिक्षक बघतात ते हेच: समोरचा बचाव वाचून पटकन निर्णय घेतो का, दबावात चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती देतो का, सहकारी त्याचं ऐकतात का. नुसता जोरदार हात पुरत नाही.

माझ्या मते दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू सांभाळणं तितकंच मोलाचं. पुढच्या मोसमात टुआ मुख्य झाला, हर्ट्स संघातच थांबला. डिसेंबर २०१८ मध्ये एसईसी या विद्यापीठांच्या विभागीय गटाच्या अंतिम सामन्यात टुआ जखमी झाला, आणि पुन्हा जॉर्जियाविरुद्धच पिछाडीवरून ३५-२८ असा विजय हर्ट्सने खेचून आणला. आता संघ बदलणं सोपं झाल्याने डावललेला खेळाडू असा क्वचितच थांबतो.