पाच वर्षांच्या लेकरासाठी ऋतूंचं चित्रपुस्तक कोणतं घ्यावं?

ताई, बर्फ आणि लाल पानांचं पुस्तक बघून तुमच्या मुलानं विचारलं, "आपली पानं कधी लाल होणार?" आणि आता तुम्हाला ऋतूंवरची दुसरी पुस्तकं हवी आहेत. मी उदगीरकडच्या एका खेड्यात 27 वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारायचंच.

ते पुस्तक बाजूला टाकू नका, त्याला खरं उत्तर द्या. थंड मुलखात दिवस लहान होत गेले की पानांतलं हिरवं द्रव्य सरतं, पिवळे-लाल रंग दिसू लागतात आणि मग पानं गळतात. आपल्याकडची पानगळ होते ती कोरड पडते म्हणून, आणि ती ऑक्टोबरात नाही, माघ-फाल्गुनात. त्या दिवसांत त्याला कडुलिंबाखाली घेऊन बसा. चार दिवसांत अंगण पिवळं होतं आणि पाडव्याला त्याच फांद्यांवर तांबूस कोवळा पाला असतो. लाल पानं हवीत ना, ती बघ म्हणावं!

पुस्तक निवडताना मी एवढंच बघते: एकच झाड किंवा एकच अंगण पानोपानी बदलत जातंय का? छत्री, स्वेटर, कलिंगड अशी सुटी चित्रं म्हणजे भिंतीवरचा तक्ता, लेकरू दोन मिनिटांत मिटून ठेवतं. झाड एकच असलं की ते मागचं पान उलटून शोधतं, इथलं घरटं कुठं गेलं म्हणून. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवूनही घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं खिशाला परवडतात. सहा ऋतूंचं पुस्तक मात्र इतक्यात नको. त्यात वर्षा ऋतू श्रावण-भाद्रपदात असतो, आणि आपल्याकडं मृग निघतो 7-8 जूनला. त्याला पावसाळा, हिवाळा, उन्हाळा पुरे.

पण आपल्या रानाचं पुस्तक तुम्हालाच करावं लागेल. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, रानात कडब्याच्या खोपीत बसून आंबील पिणारं लेकरू मला छापील पुस्तकात कुठंच भेटलं नाही. आम्ही वर्गात दरवर्षी असं एक पुस्तक शिवायचो. पहिल्या पानावर मृगाचा किडा. पहिल्या सरीनंतर एक पोरगं तो तळहातावर घेऊन आलं होतं, लालभडक, मखमलीसारखा; बोट लागलं की पाय आवळून गोळा व्हायचा. सगळ्यांनी बघितला, मग बांधावर नेऊन सोडला. पुढं पंचांगातली पावसाची वाहनं, म्हणजे पाऊस कसा पडेल ते ज्यांवरून सांगतात ते प्राणी: हत्ती, बेडूक, म्हैस, मोर, कोल्हा, उंदीर, गाढव, घोडा, मेंढा. सूर्याचं नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांनी बदलतं, वाहनही बदलतं. घरातल्या आजीला विचारून चित्र काढायचं आणि पाऊस तसा पडला का, ते खाली लिहायचं. लेकरं सकाळी आभाळाकडं बघत शाळेत यायची.

उन्हाळ्याच्या पानाला मात्र जपून हात घाला. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी एका मुलीनं उन्हाळा म्हणून सूर्य काढलाच नाही. तिनं टँकरपुढं लावलेल्या घागरी काढल्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. निळी आमची, हिरवी काकूची, फुटक्या काठाची आजीची. असं चित्र आलं तर "आइस्क्रीम काढ की" म्हणू नका. कोणती घागर कुणाची, तेवढं विचारा आणि तो सांगेल ते खाली लिहा.

सुरुवात जूनपासूनच करायला हवी असं नाही, आज दारात जे दिसतंय ते पहिलं पान. कागद जाड ड्रॉइंगचा घ्या. पानं-फुलं चिकटवण्याआधी आठवडाभर जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवा, पावसाळ्यात जरा जास्तच, नाहीतर वहीला बुरशी धरते.